‘पाच वर्षांनी पस्तावशील’ असं भाऊ म्हणतो, ते खरं आहे का?

पत्र:
ताई, मी २८ वर्षांची, नागपूरला मनीष नगरमध्ये राहते, बुटीबोरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्या स्टोअर्समधला एक मुलगा दोन वर्षांपासून माझ्याच स्टाफ बसनं येतो-जातो. सुरुवातीला माझ्या मनात काहीच नव्हतं, त्याच्याकडे कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. आता तो सुट्टीवर असला की दिवस जात नाही. तो माझ्यापेक्षा एक इंच बुटका आहे आणि पगार माझ्यापेक्षा सहा हजारांनी कमी. आमच्यातला नाही. घरी कोणाला माहीत नाही आणि त्यालाही मी अजून काही बोलले नाही. घरच्यांनी परिचय मेळाव्याच्या पुस्तकातून पुण्याचं स्थळ काढलंय, आयटीत आहे, पाच फूट अकरा, पॅकेज २४ लाख, पुढच्या रविवारी पाहायला येणार आहेत. मी फक्त आतेभावाला सांगितलं. तो म्हणाला हे सायन्स आहे, बाईचा मेंदू लाखो वर्षांपासून उंच आणि कमावत्या पुरुषासाठी सेट झालाय, पहिल्या नजरेत जे वाटत नाही ते आकर्षण नसतं, ती नुसती सवय असते, पाच वर्षांनी पस्तावशील. व्हिडिओपण पाठवले. मला झोप लागत नाही. माझं वाटणं खोटं आहे का?

उत्तर:
अगं, तुझं वाटणं खोटं नाही. हे आधीच सांगून टाकते कारण झोप लागत नाही असं लिहिलंयस, बाकीचं लांब आहे ते सावकाश वाच.

तुझा आतेभाऊ जे सांगून राहिला ते सगळंच काही त्यानं मनानं रचलेलं नाही. डेव्हिड बस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८९ मध्ये ३३ देशांतल्या ३७ ठिकाणच्या दहा हजारांवर लोकांचा अभ्यास छापला, भारतही होता त्यात, आणि लोकांना विचारलं होतं की जोडीदारात काय काय पाहिजे. जवळपास सगळीकडे बायकांनी पुरुषांपेक्षा कमाईला जास्त महत्त्व दिलं आणि पुरुषांनी बायकांपेक्षा रूपाला आणि कमी वयाला. २०२० मध्ये ४५ देशांत १४,३९९ लोकांना घेऊन हेच परत तपासलं, फरक परत तसाच दिसला. जिथे बायका-पुरुषांची बरोबरी जास्त आहे तिथे नवरा-बायकोच्या वयातलं अंतर कमी होतं, पण बाकीच्या आवडी फारशा हलत नाहीत, हेही त्यात निघालं. तेव्हा हा फरक आहेच, तो नाकारत बसू नकोस, भावाशी वाद घालताना तिथेच अडकशील.

त्यामागचं कारणही समजून घे. रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलं की पिल्लासाठी ज्याला जास्त खपावं लागतं तो जोडीदार निवडताना जास्त चोखंदळ होतो आणि ज्याला कमी खपावं लागतं ते जोडीदारासाठी आपसात झुंजतात. बाईला नऊ महिने पोटात वाढवायचं, मग अंगावर पाजायचं, तर ती पारखूनच घेणार. पण व्हिडिओवाले इथेच थांबतात. आपल्या नवेगाव बांधसारख्या तलावांवर पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारा लांब शेपटीचा कमळपक्षी असतो ना, त्यात अंडी नर उबवतो, पिल्लं नरच सांभाळतो, मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते आणि झुंजायचं कामही माद्यांकडेच असतं. म्हणजे मादी म्हणून मेंदू एका साच्यात ओतला असं काही नाही, कोण किती खपतं त्यावर आहे सगळं. आणि माणसाचं पोर तर इतकी वर्षं दुसऱ्यावर अवलंबून असतं की एकट्या आईच्यानं वाढत नाही, बाप लागतो, आजी लागते, मावशी लागते, म्हणून माणसात पुरुषही चोखंदळ असतो आणि दोघांनाही बघायचं असतं की हा माणूस अडीनडीला टिकेल का.

ते त्या डेव्हिड बस यांच्याच माहितीत आहे बघ. तेरा गुणांना क्रम लावायला सांगितलं तेव्हा बायका काय आणि पुरुष काय, समजूतदार-मायाळू आणि हुशार हे दोन्ही वर ठेवले. दुसऱ्या यादीत एकमेकांवरचं प्रेम, भरवशाचा स्वभाव, स्थिर मन हे सगळ्यात वर. कमाई त्याच्या खाली, बायकांच्या यादीतही खाली. बायका-पुरुषांत फरक सगळ्यात जास्त कुठे पडतो हा एक प्रश्न झाला आणि माणसाला सगळ्यात जास्त काय हवं असतं हा वेगळाच प्रश्न. भावानं पहिल्याचं उत्तर घेऊन दुसऱ्याला चिकटवलं. मुद्दाम केलं असेल असं नाही, ते व्हिडिओच तसे बनवलेले असतात, फरकावर भांडण होतं आणि भांडण बघायला लोक थांबतात.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे सगळे आकडे लोकांनी अनोळखी माणसाबद्दल, डोक्यातल्या माणसाबद्दल सांगितलेले आहेत. तुमच्या घरी ते मेळाव्याचं पुस्तक असेल ना, एक पान उघड. पासपोर्ट साइजचा फोटो, खाली जन्मवेळ, रास, नाडी, गोत्र, उंची, वर्ण, शिक्षण, पॅकेज, मामेकुळ, आणि शेवटी अपेक्षा, तिथे निम्म्या लोकांनी अनुरूप नाहीतर सुशिक्षित-निर्व्यसनी लिहिलेलं. त्या पानावर जे मावतं तेवढ्यातूनच निवडायचं म्हटलं तर तूच काय मीही उंची आणि पॅकेजच बघीन, दुसरं बघायला आहेच काय तिथे. समजूतदारपणाचा रकाना कोणी छापत नाही, छापला तरी सगळे होच लिहितील.

पॉल ईस्टविक आणि इलाय फिंकेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हेच तपासून पाहिलं. कॉलेजच्या मुलामुलींना आधी विचारलं काय पाहिजे, उत्तरं ठरलेलीच आली, मुलांना रूप जास्त, मुलींना पुढची कमाई जास्त. मग त्यांना एकमेकांसमोर बसवलं, चार-चार मिनिटं गप्पा, आणि नंतर महिनाभर विचारत राहिले की कोण आवडलं. तर प्रत्यक्षात मुलामुलींमधला तो फरक दिसेनासा झाला आणि कागदावर जे मागितलं होतं त्यावरून कोण आवडेल याचा अंदाजच बांधता येईना. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं की अगदी खालच्या टोकाला, म्हणजे समोरच्याकडे काहीच जम बसलेला नसेल तर, पैसा-प्रतिष्ठा पहिल्या भेटीतही बायकांना जाणवते, आणि ते मला पटतं. पण तुझा तो मुलगा त्या टोकाला नाही गं, पक्की नोकरी आहे त्याला.

भाऊ लाखो वर्षांचं बोलतो ना, तर लाखो वर्षांचंच घेऊ. त्यातली बहुतेक सगळी वर्षं माणसं छोट्या टोळ्यांनी राहायची, शिकार करायची, कंदमुळं खणायची, आणि जोडीदार व्हायचे ते त्याच टोळीतले नाहीतर शेजारच्या ओळखीच्या टोळीतले. आईबापांचा हात तेव्हाही असायचा, लग्न ठरवून देणं काही आपण शोधलेलं नाही. पण जो मुलगा समोर असायचा त्याचं वागणं सगळ्यांनी बघितलेलं असायचं, शिकार आणली की वाटून खातो का, आजारी माणसाला मागे टाकून जातो का, चिडला की काय करतो. अनोळखी माणूस फोटो आणि पगारावरून निवडायचा हा प्रकार त्या मेंदूला कधी माहीतच नव्हता. उत्क्रांतीच्या नावानं बोलायचं तर तुझी ती बुटीबोरीची बस तिच्या जास्त जवळ आहे, मेळाव्याचं पुस्तक नाही.

तुझं पत्र बरंच मोठं होतं, छापताना कमी केलं, पण त्यातली मार्चची गोष्ट इथे सांगते कारण मी ती दोनदा वाचली. एका सप्लायरचं बिल ५०० नगांचं, जीआरएनवरही, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवरही, ५००, पेमेंट सुटलेलं, आणि इयर एंडिंगच्या मोजणीत माल निघाला ४८०. सगळे स्टोअर्समधल्या हेल्पर पोरावर घसरले, कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा, त्याला त्याच दिवशी काढायची भाषा सुरू झाली, आणि हा रजिस्टर घेऊन वर तुमच्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला मोजणी माझ्यासमोर झाली, सही माझी आहे, जे बोलायचं ते मला बोला. मॅनेजरचं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं त्यानं. तू लिहिलंयस की त्या दिवशी परतताना तू पहिल्यांदा त्याच्या शेजारच्या सीटवर बसलीस. बाई, याला सवय म्हणतात का? तू दोन वर्षं त्याला बघत होतीस, त्याची परीक्षा झाली ती तुझ्या डोळ्यांसमोर झाली, आणि मग तुझ्या मनानं कौल दिला. मनाचं कामच ते आहे.

आता नुसत्या दिसण्यानंही माणूस आवडायला लागतो हे खरं आहे, भावाच्या बोलण्यात तेवढा अंश आहे. मोरलँड आणि बीच या दोन संशोधकांचा १९९२ चा प्रयोग आहे, चार साधारण सारख्या दिसणाऱ्या मुलींना एका कॉलेजच्या वर्गात नुसतं येऊन बसायला सांगितलं, एकीला पाच वेळा, एकीला दहा, एकीला पंधरा, आणि चौथी एकदाही गेली नाही. कोणाशी बोलायचं नाही. सेमिस्टर संपल्यावर वर्गाला फोटो दाखवले तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली, आणि गंमत म्हणजे त्यांना ती नीट ओळखूही येत नव्हती. म्हणजे सहवासाचा धक्का असतो. पण मग एक विचार कर, तुमच्या बसमध्ये दोन वर्षांपासून आणखी कितीतरी जण आहेत, डिस्पॅचवाले, क्वालिटीवाले, ते सगळे रोज दिसतात. त्यांच्यातलं कोणी सुट्टीवर असलं तर तुझा दिवस जातोच ना?

आणि पहिल्या नजरेत वाटलं तरच खरं, याला तर काहीच आधार नाही. अमेरिकेत १६७ जोडप्यांचा अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये छापला, त्यात जे भेटल्यावर लवकरच एकत्र आले ते दिसायला साधारण एकमेकांच्या तोडीचे होते, आणि ज्यांची आधी बरेच दिवस ओळख होती त्यांच्यात ही तोडीस तोड बरीच ढिली पडलेली, म्हणजे एक देखणा आणि दुसरी साधी असंही चालून जातं, कारण ओळखीतून माणूस वेगळा दिसायला लागतो. दुसऱ्या एका अभ्यासात, कॅनडा-अमेरिकेकडचे जवळपास १,९०० लोक होते, त्यातल्या ६८ टक्क्यांनी सांगितलं की आम्ही आधी नुसते मित्र होतो. दोन तृतीयांश लोकांचं असंच होत असेल तर तुझ्यात काही बिघाड आहे असं मानायचं कारण नाही.

उंचीचं फार लिहीत नाही. टांझानियात हाड्झा म्हणून शिकार करून राहणारे लोक आहेत, त्यांच्यात बायको नवऱ्यापेक्षा उंच असलेली लग्नं मोजली तर जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या असत्या तर जेवढी निघाली असती तेवढीच निघाली, म्हणजे तिथे कोणी उंची बघतच नाही. एक इंच आहे, फोटोत दिसेल, आत्या बोलतील, आणि वर्षभरात बोलणं बंद होईल.

पैशाचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. मी तुला प्रेम असलं की सगळं होतं असं सांगणार नाही, किराया, पेट्रोल, आईबाबांचं औषधपाणी, पोरांची फी, हे सगळं पगारातूनच जातं. पण तुमच्या दोघांचे पगार मिळून नागपूरसारख्या गावात घर चालतं, हे तू अकाउंट्सवाली आहेस, माझ्यापेक्षा चांगलं मांडशील. मला काळजी आहे ती वेगळीच, बायकोचा पगार जास्त हे त्याला कसं वाटतं. तुला चालतं हे कळलं, त्याला चालतं का? काही माणसं तोंडानं हो म्हणतात आणि मग दर महिन्याला कुठून तरी टोमणा निघतो. हे विचारून घे, आणि उत्तर देताना तो काय बोलतो त्यापेक्षा नंतरचे काही दिवस कसा वागतो ते बघ.

आता पाच वर्षांनी पस्तावशील म्हणतो त्याबद्दल. नात्यात कोण सुखी असतं यावर एक मोठं काम झालंय, समांथा जोएल आणि त्यांच्याबरोबरच्या अनेक संशोधकांनी ४३ अभ्यास एकत्र केले, ११,१९६ जोडपी, आणि कॉम्प्युटरला कामाला लावलं की नात्यातलं समाधान कशावरून सांगता येतं. २०२० मध्ये ते आलं. सगळ्यात वर काय निघालं तर जोडीदार या नात्याला बांधलेला आहे असं वाटणं, एकमेकांची कदर, शरीराच्या सुखातलं समाधान, भांडणं किती आणि कशी. माणूस स्वतः कसा आहे, वय काय, कमाई काय, हे नातं आत कसं चाललंय याच्या तुलनेत फार कमी सांगून गेलं. त्यात भारतातली एकत्र कुटुंबं नव्हती, आपल्याकडे सासू-दीर-नणंद धरून हिशोब वेगळा होतो हे मान्य, पण म्हणून उंचीवरून पाच वर्षांनंतरचं भविष्य सांगता येईल असं होत नाही. भावाला एवढं विचार की तो बाईच्या सरासरीबद्दल बोलतोय की तुझ्याबद्दल. नागपूरच्या मे महिन्याची सरासरी काढली म्हणून आज पाऊस पडणार की नाही ते कळत नाही, आणि तू तर एकटी आहेस, दहा हजार बायका नाहीस.

आणि एक गोष्ट जी तू एका शब्दात उरकलीस, आमच्यातला नाही. मला वाटतं घरात खरी लढाई इथेच होणार आहे आणि उंची-पगार हे फक्त बोलायला सोयीचं निमित्त होईल. कोलकात्याच्या वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, त्यात दिसलं की जातीबाहेर जायचं नाही म्हणून मुलीकडचे लोक नवऱ्या मुलाच्या शिक्षणात निरक्षर ते एम.ए. एवढा फरकसुद्धा सोडायला तयार असतात. ही काही निसर्गानं दिलेली आवड नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये जनुकांवरून दाखवलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतातले जवळपास सगळे समाज एकमेकांत मिसळत होते, आणि त्यानंतर आपसातच लग्न करायची पद्धत घट्ट झाली. माणूस तीन लाख वर्षांचा आणि ही पद्धत दोन हजार वर्षांची, मग भावाच्या हिशोबानं मेंदूत सेट काय झालेलं असणार ते त्यालाच विचार. दीक्षाभूमी ज्या गावात आहे त्या गावात तरी हे उघड बोलता आलं पाहिजे, बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहिलं होतं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न हाच आहे. तुला घरचं दडपण किती आहे ते मला पत्रातून कळत नाही, पण घरात कोणी हात उगारणारं, फोन काढून घेणारं, घरात कोंडणारं असेल तर काही उघड करायच्या आधी एखादी मैत्रीण, एखादी बाहेरची मोठी बाई विश्वासात घेऊन ठेव. हे घाबरवायला नाही लिहीत, असं होताना मी पाहिलंय.

आता रविवारचं. इतकं सगळं लिहून झालं आणि ज्याच्यावरून हे चाललंय त्याला अजून पत्ताच नाही, काहून गं? तू भावाशी बोललीस, माझ्याशी बोललीस, व्हिडिओ बघितलेस, फक्त त्याच्याशी बोलली नाहीस. त्याच्या मनात काय आहे हे कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. रविवारच्या आधी बोल. बसमध्ये नको, तिथे सगळ्यांचे कान असतात, आणि ऑफिसमध्ये तर नकोच. शनिवारी अर्धा दिवस असेल तर अंबाझरीकडे नाहीतर कुठे चहाला बोलाव आणि सरळ सांग, घरी स्थळ येतंय आणि मला तू आवडतोस, तुझं काय ते सांग. लगेच उत्तर मागू नकोस, पण आठवडाभर टांगतही ठेवू नकोस.

घरी आईला सांग की रविवारचा कार्यक्रम पंधरा दिवस पुढे ढकला, इयर क्लोजिंगचं नाहीतर तब्येतीचं कारण देऊ नकोस, माझं मन तयार नाही एवढंच सांग, ते खरं आहे. पुण्याचा तो मुलगाही कोणाचा तरी पोरगा आहे, सुट्टी काढून, तिकीट काढून येणार, मनात दुसरं कोणी असताना त्याच्यापुढे पोह्यांची ताटली घेऊन बसणं बरोबर नाही.

आणि त्या मुलानं नाही म्हटलं तर वाईट वाटेल, बस बदलावीशी वाटेल, काही दिवस तसं कर. पण त्या रागात पुण्याला लगेच होकार देऊन टाकू नकोस. पुढचं स्थळ आलं की एका भेटीत ठरवायला लावू देऊ नकोस घरच्यांना, चार-सहा वेळा भेटायचंय असं ठामपणे सांग, एकदा त्याच्या मित्रांसोबत, एकदा त्याच्या घरी स्वयंपाक चालू असताना. काय झालं ते मला कळव.